कूर्मदृष्टी : संतकाव्यातील कासवीची प्रतिमा आणि गोड्या पाण्यातील कासव

मराठी संतकाव्यातील वात्सल्यप्रतिमांचा विचार करताना गाय आणि वासरू, पक्षिणी आणि पिले, माता आणि तान्हे या तीन जोड्यांकडे अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे प्रथम जाते. या प्रतिमा परिचित आहेत. त्यांतील भाव उलगडण्यासाठी फारशी टीप द्यावी लागत नाही. याच मालिकेत येणारी चौथी जोडी मात्र काहीशी वेगळी आहे. ती म्हणजे कासवी आणि तिची पिले. सार्थ आवृत्त्यांमधून आणि महाविद्यालयीन अध्यापनातून या प्रतिमेची बोळवण बहुधा एका वाक्यात केली जाते. कासवी आपल्या पिलांना केवळ दृष्टीने वाढवते असा पूर्वीच्या लोकांचा समज होता, एवढे सांगून अध्यापक पुढील ओवीकडे वळतो. एखाद्या विद्यार्थ्याने ‘हे खरे आहे का?’ असे विचारलेच, तर ‘नाही, तो एक कविसंकेत आहे’ असे उत्तर दिले जाते. उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. समज खोटा ठरला की प्रतिमेचेही काम संपले, अशी एक भावना त्यातून नकळत निर्माण होते.

संतकाव्यातील कासवी हे नदी-तळ्यांच्या काठी राहणाऱ्या समाजाने पाहिलेले गोड्या पाण्यातील कासव आहे, आणि त्या प्राण्याच्या वास्तव जीवनक्रमाचा परिचय करून घेतल्यास या प्रतिमेचा अर्थ कमी न होता अधिक खोल होतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी प्रथम शब्दाचा, नंतर प्राण्याचा आणि शेवटी काव्यातील उपयोजनाचा विचार क्रमाने केला आहे.

१. एक शब्द, अनेक प्राणी

इंग्रजीत कवचधारी प्राण्यांच्या या गटासाठी तीन शब्द प्रचलित आहेत. जमिनीवर राहणाऱ्यास टॉर्टॉइज, प्रामुख्याने समुद्रातील प्राण्यास टर्टल आणि गोड्या किंवा मचूळ पाण्यात राहणाऱ्या लहान आकाराच्या प्राण्यास टेरापिन. यांपैकी टेरापिन हा शब्द उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील अल्गॉन्क्विन भाषाकुलातून इंग्रजीत आला. तेथील खाड्यांच्या मचूळ पाण्यातील कासवासाठी तो प्रथम वापरला गेला. ही विभागणीही काटेकोर नाही. अमेरिकेत तळ्यातील कासवालाही टर्टल म्हटले जाते, तर ब्रिटनमध्ये त्यालाच टेरापिन म्हणतात.

मराठीत या सर्वांसाठी ‘कासव’ हा एकच शब्द आहे. हिंदीतील ‘कछुआ’ आणि गुजरातीतील ‘काचबो’ हे शब्द संस्कृत ‘कच्छप’ या शब्दाशी जोडले जातात. मराठी ‘कासव’ मात्र ‘कश्यप’ या शब्दापासून प्राकृतातील ‘कासव’ या रूपाद्वारे आला, असे मानले जाते. ही व्युत्पत्ती सांस्कृतिक दृष्टीने उद्बोधक आहे. शतपथ ब्राह्मणातील अग्निचयनाच्या प्रकरणात वेदीच्या पहिल्या थरात जिवंत कूर्म ठेवण्याचा विधी सांगितला आहे. तेथे कूर्माचे खालचे कवच म्हणजे पृथ्वी, वरचे कवच म्हणजे द्युलोक आणि मधला भाग म्हणजे अंतरिक्ष अशी संगती लावली आहे. त्याच ठिकाणी कूर्म आणि कश्यप यांचे ऐक्य सांगून सर्व प्रजा कश्यपाच्या आहेत असेही म्हटले आहे. म्हणजे मराठी माणूस तळ्याकाठच्या ज्या प्राण्याला सहजपणे कासव म्हणतो, त्याच्या नावात प्रजेच्या आदिपित्याचे नाव दडले आहे. ज्याची प्रजा त्याच्या सान्निध्यावाचून वाढते, अशा प्राण्याला प्रजापतीचे नाव मिळावे, हा योगायोग असला तरी पुढील विवेचनात तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

शब्द एकच असल्यामुळे अर्थ लावताना एक अडचण उद्भवते. वाचक आपल्या अनुभवातील किंवा चित्रातील कोणतेही कासव काव्यातील कासवाच्या जागी ठेवतो. किनाऱ्यावरचा वाचक समुद्रकासव ठेवील, शालेय पुस्तकातील चित्र आठवणारा जमिनीवरचे घुमटाकार कवचाचे कासव ठेवील. काव्यातील कासव यांपैकी कोणते, हा प्रश्न म्हणूनच केवळ प्राणिशास्त्राचा राहत नाही. तो अर्थनिर्णयाचा प्रश्न ठरतो.

२. काव्यातील कासव कोणते?

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास प्राचीन वाङ्मयातील काही तपशील उपयोगी पडतात. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे लक्षण सांगताना अवयव आवरून घेणाऱ्या कूर्माचा दृष्टान्त आला आहे. समुद्रकासवांना आपले डोके आणि वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. तेव्हा हा दृष्टान्त ज्याने प्रथम योजला, त्याच्या डोळ्यांसमोर समुद्रकासव असणे शक्य नाही. ते जमिनीवरचे किंवा गोड्या पाण्यातील कासव असले पाहिजे.

कथावाङ्मयातील पुरावा अधिक स्पष्टपणे पाण्याकडे नेतो. पंचतंत्रातील कंबुग्रीव हे कासव सरोवरात राहते. सरोवर आटू लागल्यामुळेच हंसांच्या साहाय्याने ते काठीला तोंडाने धरून उडण्याचा प्रयत्न करते आणि बोलण्याच्या मोहाने प्राणास मुकते. पाली जातकांमधील १७८ व्या क्रमांकाच्या कच्छप-जातकातील कासव तर आपले जन्मस्थान सोडावयास तयार होत नाही. पाणी आटत चाललेल्या सरोवरातील इतर मासे-कासवे नदीकडे निघून जातात. हे मात्र तेथेच चिखलात स्वतःस पुरून घेते आणि माती खणण्यासाठी आलेल्या कुंभाराची कुदळ लागून मरते. ही कथा आसक्तीचा दोष दाखविण्यासाठी सांगितली असली, तरी तिच्या मुळाशी एक अचूक निरीक्षण आहे. भारतातील तळ्यांमध्ये आढळणारी काही कासवे उन्हाळ्यात पाणी आटले की चिखलात शिरून निश्चेष्ट पडून राहतात आणि पावसाची वाट पाहतात. माती काढताना कासव सापडणे हा कुंभाराच्या नित्य अनुभवातील प्रकार असला पाहिजे.

महाराष्ट्राच्या पठारावरील नद्या, ओढे आणि तळी यांत जी कासवे आढळतात, त्यांपैकी तिघांचा येथे उल्लेख आवश्यक आहे. पहिले, भारतीय झडपांचे कासव. त्याची पाठ कातड्याने आच्छादलेली व गुळगुळीत असते. पोटाकडच्या कवचाला मागील बाजूस कातडी झडपा असतात. पाय आत ओढून घेतल्यावर या झडपा मिटतात आणि प्राणी जणू स्वतःवर दार लावून घेतो. दुसरे, कठीण कवचाचे काळे कासव. हे तळ्यांत व संथ प्रवाहांत राहते आणि पाण्यातून वर आलेल्या दगडावर किंवा ओंडक्यावर ऊन खात बसलेले दिसते. तिसरे, लीथचे मऊ कवचाचे कासव. हे केवळ भारतीय द्वीपकल्पातील नद्यांत आढळते. कृष्णा आणि गोदावरी या नद्यांची खोरी त्याच्या अधिवासात येतात. जॉन एडवर्ड ग्रे या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८७२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्यासमोरील नमुने पुण्याचे होते. गोदावरीकाठच्या पैठणास आणि भीमाकाठच्या पंढरपुरास जाणाऱ्या यात्रेकरूला नदीत दिसू शकणारी कासवे ती हीच.

झडपांच्या कासवाकडे लक्ष दिल्यास गीतेतील दृष्टान्ताचा मराठी अवतार अधिक स्पष्ट होतो. गीतेच्या श्लोकात भर आहे तो अवयव आवरून घेण्यावर. ज्ञानेश्वरांनी या श्लोकाचे विवरण करताना त्यात दोन गोष्टींची भर घातली आहे. त्यांचा कूर्म प्रसन्न झाला म्हणजे अवयव पसरतो, आणि आवरतो तो स्वतःच्या इच्छेने. भयाचा उल्लेख त्यांनी केलेला नाही. पसरणे आणि आवरणे या दोन्ही क्रिया एकाच स्वातंत्र्याची रूपे म्हणून समोर ठेवल्यामुळे इंद्रियनिग्रहाला दडपणाचे स्वरूप येत नाही. ऊन खाणारे कासव मान लांब करते आणि मागील पाय ताणून पसरते, हे ज्याने नदीकाठी पाहिले आहे, त्याला ‘प्रसन्न कूर्म’ ही कल्पना अनोळखी वाटणार नाही. टीकाकाराने मूळ श्लोकात घातलेली ही भर तात्त्विक तर आहेच, पण ती प्रत्यक्ष निरीक्षणाच्या अंगाने आलेली आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

३. दृष्टी कोणाची : मासोळीची की कासवीची?

अवयव आवरणारा कूर्म हा निरीक्षणाचा विषय आहे. दृष्टीने पिले पोसणारी कासवी तशी नाही. तिचा उगम शोधताना संस्कृत परंपरेतील एका त्रयीपर्यंत जावे लागते. कुलार्णव तंत्रात दीक्षेचे प्रकार सांगताना तीन माता उदाहरणादाखल घेतल्या आहेत. पक्षिणी पंखांच्या उबेने पिलांना वाढवते, ती स्पर्शदीक्षा. मासोळी पाहण्याने वाढवते, ती दृष्टिदीक्षा. आणि कासवी चिंतनाने वाढवते, ती मनाने दिलेली दीक्षा. चाणक्याच्या नावावर असलेल्या नीतिसंग्रहातही सज्जनसंगतीचे वर्णन करताना हीच त्रयी याच वाटणीने आली आहे. दर्शन मासोळीचे, ध्यान कासवीचे आणि स्पर्श पक्षिणीचा.

मराठी संतकाव्यात या वाटणीत एक लक्षणीय बदल झालेला दिसतो. येथे दृष्टीचे कर्तृत्व मासोळीकडून कासवीकडे आले आहे. वारकरी अभंगांतील कासवी पिलांचे चिंतन करीत नाही. ती त्यांच्याकडे पाहते. पिलाच्या वाट्याला आईचे दूध येत नाही, तिच्या अंगाची ऊबही येत नाही. त्याचे सारे पोषण तिच्या कृपापूर्ण पाहण्यावर चालते, असा या अभंगांतील आशय असतो. ‘कूर्मदृष्टी’ हा शब्द मराठीत कृपादृष्टीचा पर्याय म्हणून रूढ झाला तो यामुळेच. मासोळी मात्र मराठी काव्यात पाण्यावाचून तळमळणारी, म्हणजे विरहाची प्रतिमा म्हणून अधिक वावरते. मातृत्व तिच्याकडून गेले आणि व्याकुळता तेवढी तिच्याकडे उरली.

हा बदल का झाला असावा? याचे एक उत्तर उपासनेच्या स्वरूपात शोधता येते. तांत्रिक दीक्षेत चिंतन हा पोषणाचा सर्वांत सूक्ष्म आणि म्हणून सर्वांत श्रेष्ठ मार्ग आहे. तेथे गुरू आणि शिष्य यांचे नाते गुप्त व निवडक असते. वारकरी संप्रदायाची रचना याहून निराळी आहे. तिच्या केंद्रस्थानी दर्शन आहे. पंढरपूरचा विठ्ठल कमरेवर हात ठेवून उभा आहे. त्या हातांत उगारलेले शस्त्र नाही, आशीर्वादासाठी वर केलेली मुद्राही नाही. हात कटीवर असल्यामुळे भक्तापर्यंत पोहोचते ती केवळ मुद्रा आणि दृष्टी. अशा दैवताला ‘माउली’ म्हणावयाचे, तर त्या माउलीचे वात्सल्य कोणत्या मार्गाने व्यक्त होणार? ते पाहण्यातूनच व्यक्त होणार. शिवाय या माउलीची लेकरे गावोगाव विखुरलेली आहेत. आषाढी-कार्तिकीच्या वारीत क्षणभर भेट होते, उरलेले दिवस शेतात आणि संसारात जातात. जवळ घेणारी गाय किंवा पंखाखाली घेणारी पक्षिणी या दूरत्वाचे पूर्ण चित्र देऊ शकत नाही. पाण्यात राहून काठावरच्या पिलांवर नजर ठेवणारी कासवी ते देऊ शकते.

उत्तर भारतातील संत धन्ना यांचे एक पद गुरू ग्रंथसाहेबात समाविष्ट आहे. त्यातही कासवीचा दृष्टान्त आहे. तेथे आई पाण्यात आहे, पिले पाण्याबाहेर आहेत; तिला त्यांच्यावर धरण्यासाठी पंख नाहीत आणि पाजण्यासाठी दूधही नाही. तरीही ती जगतात, यावरून जगाचा सांभाळ करणाऱ्या परमेश्वराची आठवण दिली आहे. या दृष्टान्तात पोषणाचे साधन म्हणून ना चिंतन सांगितले आहे, ना दृष्टी. आई आणि पिले यांच्यामधले अंतर तेवढे नेमके नोंदवले आहे. संस्कृत त्रयी, धन्नांचे पद आणि मराठी अभंग एकत्र ठेवून पाहिले असता असे दिसते की, प्रतिमेचा स्थिर गाभा ‘अंतर’ हा आहे. ते अंतर कशाने ओलांडले जाते, याचे उत्तर मात्र प्रत्येक परंपरेने आपल्या उपासनेप्रमाणे दिले आहे.

महाराष्ट्रातील मंदिरांच्या रचनेत या नात्याची उलटी बाजू पाहावयास मिळते. सभामंडपाच्या जमिनीत, मूर्तीच्या समोर, दगडी किंवा धातूचे कासव बसविण्याची प्रथा आहे. जेजुरीच्या खंडोबापुढील भव्य पितळी कासव सर्वपरिचित आहे. तेथे कासव हे भक्ताचे रूप आहे, इंद्रिये आवरून देवाकडे मुख केलेले. काव्यात मात्र देवच कासवी आहे आणि भक्त तिचे पिलू. एकाच प्राण्याच्या ठिकाणी पाहणारा आणि पाहिला जाणारा या दोन्ही भूमिका एकत्र आल्या आहेत.

४. ज्ञानेश्वरीतील व्यतिरेक

प्रतिमा रूढ झाली की ती गुळगुळीत होण्याचा धोका असतो. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात या रूढ प्रतिमेचा जो उपयोग केला आहे, तो या दृष्टीने अभ्यसनीय आहे. अहिंसेचे विवरण करताना ज्ञानेश्वर अहिंसक पुरुषाच्या एकेका इंद्रियाचे वर्णन करतात. त्याच्या दृष्टीचे वर्णन करताना प्रथम चंद्र आणि चकोर यांचा दृष्टान्त येतो. चंद्रबिंबातून येणाऱ्या धारा डोळ्यांना दिसत नाहीत, तरी चकोरांची पोटे भरतात. त्याप्रमाणे अशा पुरुषाने सहज पाहिले तरी प्राणिमात्रांचे पोषण होते. यानंतर कूर्मी येते, परंतु ती उपमान म्हणून येत नाही. या पुरुषाचे पाहणे असे आहे की त्याची रीत कूर्मीलाही ठाऊक नाही, असे ज्ञानेश्वर म्हणतात.

अलंकारशास्त्राच्या परिभाषेत हा व्यतिरेक आहे. उपमेय उपमानापेक्षा वरचढ ठरविले आहे. पण त्याचा अर्थ अलंकाराच्या नावापाशी संपत नाही. कासवीची दृष्टी आपल्याच पिलांपुरती असते. ती कितीही समर्थ असली तरी तिच्यात आपपर भाव आहे. अहिंसक पुरुषाची दृष्टी सर्व भूतांवर सारखी पडते. वात्सल्याला ममत्वाची मर्यादा असते आणि करुणेला ती नसते, हा भेद ज्ञानेश्वरांनी एका नकारातून सुचविला आहे. श्रोत्यांना कूर्मीचा संकेत पूर्णपणे ज्ञात आहे, हे गृहीत धरल्याखेरीज असा नकार योजता येत नाही. म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठी श्रोत्यांच्या मनात कासवीची दृष्टी इतकी स्थिर झाली होती की, तिला ओलांडून जाणे कवीला शक्य झाले.

विद्यार्थ्यांना ज्ञानेश्वरी शिकविताना हे स्थळ विशेष उपयोगी पडते. कविसंकेत हा कवीला बांधून ठेवतो, अशी समजूत असते. येथे संकेत हाच कवीचे उड्डाणस्थान झाला आहे.

५. समज, संकेत आणि वास्तव

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. कासवी दृष्टीने पिले वाढवते का? प्राणिशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. मादी काठावरच्या मातीत किंवा वाळूत खड्डा करते, अंडी घालते, मागील पायांनी माती सारून खड्डा बुजविते आणि निघून जाते. ती पुन्हा त्या जागी येत नाही. अंडी उबतात ती मातीच्या आणि उन्हाच्या उष्णतेने. कासवांच्या अनेक जातींमध्ये नर जन्मेल की मादी, हेसुद्धा जमिनीच्या तापमानावर ठरते. मऊ कवचाच्या कासवांमध्ये मात्र तसे होत नाही. अंड्यातील बलकाचा काही अंश पिलाच्या पोटात शिल्लक असतो, तीच त्याची पहिली शिदोरी. कवच फोडून बाहेर पडलेले पिलू स्वतःच पाण्याची वाट शोधते. वाटेत कावळे, घारी, मुंगूस आणि कुत्री यांच्यापासून त्याला वाचविणारे कोणी नसते.

राजशेखराने काव्यमीमांसेत कविसमयांचा जो विचार केला आहे, त्यात नसलेल्या गोष्टीचे वर्णन करणे हा एक प्रकार सांगितला आहे. चकोराचे चांदणे पिणे जसे त्यात मोडते, तशी कासवीची दृष्टीही त्यात घालता येईल. परंतु या दोहोंत एक फरक आहे. चकोराने चांदणे प्यावे, अशी कल्पना सुचविणारी कोणतीही उणीव निसर्गात नाही. कासवीच्या बाबतीत मात्र ती उणीव डोळ्यांना दिसणारी आहे. पिले आहेत, ती जगतात, वाढतात. आणि आई कोठेच नाही. नदीकाठच्या माणसाला जे दिसत होते ते एवढेच. काठावरची माती उकरून बाहेर पडणारी पिले एकीकडे, आणि दुसरीकडे पाण्यातून डोके वर काढून काठाकडे टक लावून पाहणारे एखादे मोठे कासव. या दोन दृश्यांमधला दुवा कल्पनेने जोडला गेला असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही. यांना कोणी वाढविले, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर होते.

या अंगाने पाहिले असता प्रतिमेचे मूळ भाबडेपणात सापडत नाही, अभावाच्या अनुभवात सापडते. संतांच्या अभंगांतून देवाला केलेली आळवणी बहुतेक वेळा त्याच्या अदृश्यतेविरुद्धची तक्रार असते. देव दिसत नाही, बोलत नाही, जवळ घेत नाही. तरीही आपण जगत आहोत. या अनुभवाला मातृत्वाचे रूप द्यावयाचे तर जिची पिले तिच्यावाचून वाढतात अशीच आई शोधावी लागते. निसर्गात ती कासवी होती. सोडून गेलेल्या आईला भक्ताने ‘पाहणारी आई’ केले, ही या प्रतिमेतील श्रद्धेची झेप आहे. आणि सोडून जाण्याचे वास्तव माहीत असल्याखेरीज त्या झेपेची लांबी कळत नाही. वर्गात ‘असा समज होता’ एवढेच सांगितल्याने हानी होते ती येथे.

या संदर्भात अलीकडच्या एका संशोधनाची नोंद करणे उचित ठरेल. दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉनच्या खोऱ्यात नदीकासवाची एक मोठी जात आहे. या जातीतील माद्या आणि पिले यांच्यामध्ये ध्वनीद्वारे संपर्क होतो, पिले नदीत उतरल्यावर माद्या त्यांच्या हाकांना प्रतिसाद देतात आणि त्यांच्यासह स्थलांतर करतात, असे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कासवांमध्ये पिलांची काळजी घेतली जाण्याचा हा पहिला पुरावा मानला गेला. त्यावरून संतांना हे आधीच ठाऊक होते, असा दावा करणे मात्र अशास्त्रीय होईल. ती जात निराळी आहे, नदी निराळी आहे आणि माध्यम दृष्टी नसून ध्वनी आहे. या संशोधनातून घ्यावयाचे ते इतकेच की, निसर्गातील मातृत्वाविषयीचे ज्ञान अद्याप वाढते आहे. काव्याची सत्यता त्या ज्ञानावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही.

६. कूर्मदृष्टीकडून कासवगतीकडे

आजच्या विद्यार्थ्याला ‘कासव’ म्हटल्यावर कूर्मदृष्टी आठवत नाही. आठवते ती ससा आणि कासव यांची शर्यत. एकोणिसाव्या शतकात इसापाच्या कथा मराठीत आल्या, शालेय वाचनात स्थिरावल्या आणि त्यांच्याबरोबर एक निराळे कासव मराठीत आले. ग्रीक कथेतील ते कासव जमिनीवरचे आहे. मंदगती हा त्याचा स्वभाव आणि चिकाटी हा त्याचा गुण. ‘कासवाच्या गतीने’ हा वाक्प्रचार आज सरकारी कामकाजापासून वाहतुकीपर्यंत सर्वत्र वापरला जातो. मऊ कवचाचे नदीकासव पाण्यात अतिशय चपळ असते, आणि संथ कासवाची ही कल्पना त्याला लागू पडत नाही, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. जुन्या मराठीतील कासव आवरते आणि पाहते; आधुनिक मराठीतील कासव चालते आणि मागे राहते. एका शब्दाच्या आत झालेले हे स्थलांतर अर्थविचाराच्या अभ्यासकांनी तपासून पाहण्यासारखे आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटाला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत, २०१७ मध्ये, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सन्मान मिळाला. त्यात कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालून जाणारे समुद्रकासव आणि आधाराला पारखा झालेला एक तरुण यांचे सूत्र जुळविले आहे. प्राणी समुद्रातला असला तरी मातेचे दूरत्व आणि कोणा परक्याने घेतलेली काळजी हा त्यातील विचार जुन्या कासवीच्या प्रतिमेशी नाते सांगतो. येथे पाहण्याचे काम देवाकडून माणसाकडे आले आहे.

पाहण्याची ही जबाबदारी आता नदीतील कासवाच्या बाबतीतही माणसावर येऊन पडली आहे. पुण्याच्या नमुन्यांवरून ज्याचे वर्णन झाले, ते लीथचे कासव आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत अतिसंकटग्रस्त गणले जाते. २०२२ मध्ये पनामा येथे झालेल्या परिषदेत भारताच्या प्रस्तावावरून त्याला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक परिशिष्टात स्थान देण्यात आले. वाळूचा उपसा झाला की अंडी घालण्याची जागाच नाहीशी होते. धरणे, सांडपाणी आणि मांसासाठी होणारी पकड ही कारणेही त्याच्या ऱ्हासामागे आहेत. दुसरीकडे, शहरातील मुलाला जे कासव प्रत्यक्ष पाहावयास मिळते ते बहुधा काचेच्या पेटीतील, कानामागे लाल पट्टा असलेले उत्तर अमेरिकेतील कासव असते. देशी कासव पाळणे किंवा विकणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हे परदेशी पिलू मात्र दुकानांतून सहज विकले जात आले. मोठे झाल्यावर ते नकोसे होते आणि जवळच्या तळ्यात सोडले जाते. तेथे ते देशी कासवांच्या अन्नावर आणि उन्हाच्या जागेवर हक्क सांगते. अशा रीतीने शब्दाबरोबर प्राणीही बदलत चालला आहे.

समारोप

वरील विवेचनाचे निष्कर्ष असे मांडता येतील. संतकाव्यातील कासव हे प्रामुख्याने गोड्या पाण्यातील कासव आहे. अवयव आवरणारा कूर्म ही निरीक्षणातून आलेली प्रतिमा असून ज्ञानेश्वरांनी तिच्यात प्रसन्नतेची आणि स्वेच्छेची भर घातली. दृष्टीने पोसणारी कासवी ही संस्कृत परंपरेतील चिंतन करणाऱ्या कासवीहून वेगळी असून मराठीत तिला मासोळीची दृष्टी लाभली; विठ्ठलभक्तीतील दर्शनाचे माहात्म्य हे त्याचे संभाव्य कारण आहे. तिच्या मुळाशी कासवीच्या प्रत्यक्ष गैरहजेरीचा अनुभव आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने यातून एक साधी सूचना निघते. ही प्रतिमा शिकविताना प्रथम कासवीचा खरा जीवनक्रम सांगावा. ती अंडी घालून निघून जाते आणि परत येत नाही, हे विद्यार्थ्याला कळू द्यावे. त्यानंतर अभंग वाचावा. म्हणजे जी आई येणार नाही हे सर्वांना माहीत आहे, तिच्या पाहण्यावर विसंबून राहणाऱ्या पिलाच्या तोंडी संतांनी आपली वाणी का दिली, हा प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारील. आणि काव्याचा अभ्यास तेथून सुरू होईल.